एल, ला आणि शाल-श्रीफळ

स्पॅनिशमध्ये ऊस ही बाई असते आणि साखर हा बाप्या असतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये. सांगणारी होती नेवाशाच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यात काम करणारी सिस्टर. ती मूळची स्पेनची. पण कित्येक वर्षं वाड्यावस्त्यांवरच्या बायकांची बाळंतपणं करून करून तिचं मराठी थेट त्या बायकांसारखं झालं होतं. अंगात पांढराशुभ्र झगा, चेहरा गोरापान, आणि तोंड उघडलं की बोलणं आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या आत्याबाईंचं.

"ला कान्या," हातात उसाचं कांडं धरून ती म्हणाली. "ऊस. ही बाई हाय. एल आथूकार. साखर. ह्यो बाप्या. आन् टेबल, कपाट, पुस्तक, कशालाबी 'ते' लावायचं न्हाई. तिकडं नपुसक कुनीच न्हाई. येक तर बाई, न्हाई तर बाप्या."

सगळे हसले. मीही हसले. हसायचे दिवस होते. सत्तरच्या पुढची ती दोन-तीन वर्षं, दुष्काळ अजून तोंडावर यायचा होता. क्युबामधल्या साखर कारखान्यात काही महिने शिकायला आमच्या कारखान्यातून एक माणूस पाठवायचं ठरलं होतं. अट एकच, त्याला कामापुरतं स्पॅनिश आलं पाहिजे. म्हणून पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, हा वर्ग सुरू झाला. कारखान्याची जीप आठवड्यातून दोनदा सिस्टरला घेऊन यायची. पहिल्या दिवशी चेअरमनसाहेब स्वतः आले, दारात उभं राहून म्हणाले, "शिका मन लावून. जो पयला येईल, त्यो जाईल." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. ते विसरले असतील, मी विसरलेले नाही.

मी नगरला बीएस्सी करून कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले होते. उसाचा रस तपासायचा, त्यात साखर किती आहे ते काढायचं, दर पाळीला तेच काम. लॅबमध्ये बाई मी एकटीच. मला क्युबाला जायचं होतं. समुद्र बघायचा होता म्हणून नव्हे, हिंडायचं होतं म्हणूनही नव्हे. आमच्या लॅबमधली यंत्रं जुनी होती आणि आम्ही जे आकडे काढायचो त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. तिकडे हेच काम कसं करतात ते मला बघायचं होतं. एवढीच माझी हाव होती आणि ती हाव होती हे सांगायला मला अजूनही लाज वाटत नाही.

सिस्टर शिकवायची झकास. मराठीत नामाच्या पुढे काही लावत नाहीत. स्पॅनिशमध्ये मात्र कढईला कान असावा तसा प्रत्येक नामाला पुढून एक शब्द चिकटलेला. बाप्याला एल, बाईला ला. बरेच झाले की लोस आणि लास. कुठला तरी एक असेल तर ऊन, कुठली तरी एक असेल तर ऊना. वर्गातल्या लोकांना हे काही केल्या उमजेना. तेव्हा सिस्टर म्हणाली, "दवाखान्यात कुनीतरी बाई आली. म्या वळखत न्हाई. ती ऊना. तिला तपासलं, घरी धाडलं. दुसऱ्या दिशी तीच परत आली. आता ती ला. वळख झाली ना आता." मला ते एका क्षणात कळलं आणि आयुष्यात पुन्हा कधी चुकलं नाही.

शेवटी ओ असेल तर बहुधा बाप्या, आ असेल तर बहुधा बाई. एल लिब्रो म्हणजे पुस्तक, ला मेसा म्हणजे टेबल. पण हात म्हणजे ला मानो, शेवटी ओ असून बाई. दिवस म्हणजे एल दीआ, शेवटी आ असून बाप्या. नकाशा, एल मापा, तोही तसलाच. "ही वाया गेलेली पोरं," सिस्टर म्हणायची, "ही पाठच करा." अनेकवचन तर फारच सोपं. शेवटी स्वर असला की स लावायचा, व्यंजन असलं की एस. लिब्रोचं लिब्रोस, फ्लोरचं, म्हणजे फुलाचं, फ्लोरेस, पापेलचं, म्हणजे कागदाचं, पापेलेस. आपल्याकडे घोड्याचे घोडे, माळेच्या माळा, नदीच्या नद्या, मोती मात्र मोतीच. सिस्टरला ते इतक्या वर्षांत साधलं नव्हतं आणि ती ते कबूलही करायची. मी लॅबमध्ये काचेची भांडी धुताना म्हणत बसायचे, एल वासो, लोस वासोस, ला बोतेया, लास बोतेयास. बाकीचे मला चिडवायचे, मी चिडायचे नाही.

चेअरमनसाहेबांचा पुतण्याही वर्गात होता. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करायचा. मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे त्यात हे विसरायला होईल. उशिरा यायचा, मागच्या खुर्चीत बसायचा, सगळ्यांसाठी चहा मागवायचा. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तू एल होत्या.

पाऊस सरता सरता सिस्टरनं परीक्षा घेतली. लेखी आणि तोंडी. पहिली मी आले. दुसऱ्यात आणि माझ्यात बरंच अंतर होतं. पुतण्या शेवटून पहिला. सिस्टरनं निकाल सगळ्यांसमोर वाचला, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "जा गं बाय, जग बघून ये." मी घरी येऊन नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील. कारखान्याचे सभासद, चार एकर ऊस लावणारे शेतकरी. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज ऐकू आला. शेजाऱ्याला सांगत होते.

आता पुढचं समजायला आमच्या भागाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सोसायटी असो, पंचायत असो की कारखाना, निवडणूक शक्यतो होऊच देत नाहीत. कुणाला बसवायचं ते बैठकीत आधीच ठरतं. बाकीचे माघार घेतात. माघार घेणाऱ्याला चारचौघांत शाल आणि नारळ देतात, त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात, टाळ्या वाजवतात. याला बिनविरोध म्हणतात आणि पेपरात छापून आणतात. एकदा तो नारळ हातात घेतला की माणसानं पुन्हा ब्र काढायचा नाही. काढलाच, तर लोकच विचारतात, नारळ घेताना कुठं गेला होतास?

गाळपाचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता. मांडव, लाऊडस्पीकर, संचालक मंडळ ओळीनं खुर्च्यांवर. मला निरोप आला की स्टेजवर यायचं, सत्कार आहे. मी लुगड्यासारखी जड एक साडी नेसून गेले. नाना पुढच्या रांगेत, धुतलेला फेटा बांधून. माझं नाव पुकारलं. चेअरमनसाहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मी वाकून नमस्कार केला. हो, नमस्कारसुद्धा केला. पहिला नंबर आला म्हणून हा सत्कार, असंच मला वाटत होतं. मग त्यांनी माईक धरला.

"या आमच्या भगिनीनं परीक्षेत पयला नंबर मिळवला. पण मन बघा किती मोठं! बाईमानसाला घरच्या अडचनी असत्यात. तिनं स्वखुशीनं माघार घेतली आणि आपल्या एका तरुण कार्यकर्त्याला संधी दिली. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. तरुण कार्यकर्ता उठून हात जोडत उभा राहिला. पुतण्या. नानांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून त्यांनीही, आणि मग हात तसेच वर राहिले. मी हातात नारळ धरून उभी. तो फेकून द्यावा, कुणाच्या तरी टाळक्यात घालावा, असं वाटलं. मी खुर्चीत जाऊन बसले. माझ्या पुढ्यात इतकी माणसं बसली होती आणि त्यांतल्या एकालाही त्याचं नवल वाटलं नाही, याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "मी माघार घेतलेली नाही," मी म्हणाले.

"अगं पोरी, बस तर आधी," ते म्हणाले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "आपल्याकडं कधी मतदान झालंय का? समदं कसं गोडीगुलाबीनं. आन् नारळ घेतला ना तू? समद्यांनी बघितलं."

"मला वाटलं तो पहिल्या नंबरचा आहे."

"त्याचाच हाय की! दोन्हीचा येकच." मग ते थोडे पुढे झुकले. "आता येक कर. सिस्टर काय रोज यायची न्हाई, तिच्याकडं तापाची साथ हाय. तू त्याला शिकव. त्यो तिकडं जाऊन बोलला पायजे. कारखान्याच्या अब्रूचा प्रश्न हाय."

माझी जागा ज्यानं घेतली त्याला त्या जागेवर नीट बसता यावं म्हणून मीच त्याला शिकवायचं! मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "इचार कर. लॅबमधी बाई ठेवायची का न्हाई, ह्याच्यावर बोर्डात लई बोलनं झालंय. म्याच तुझी बाजू घेतली." म्हणजे नोकरी गेली असती. मी शिकवायला लागले. रोज संध्याकाळी लॅबमध्ये, दात खाऊन.

तो बिचारा लाजत लाजत यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, मला काय जायची हौस न्हाई बघा. काकांच्या पुढं कोन बोलनार." हे ऐकून राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. हौस नसलेल्याला पाठवणार आणि जिला हौस ती त्याचे पाढे घेणार.

त्याला बाई-बाप्या थोडेफार जमले. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. काकांविषयी बोलताना तो एल म्हणेना. चेअरमनला स्पॅनिशमध्ये एल प्रेसिदेंते. हा म्हणायचा, लोस प्रेसिदेंतेस. मी सांगायचे, "अहो, काका एकच आहेत ना? मग एल." तो खुर्चीत चुळबुळायचा. "ताई, एल म्हनलं की अरे-तुरे केल्यासारखं वाटतंय. आपून म्हनतो ना, काका आले, काका बसले. 'काका आला' कसं म्हनायचं?" मी म्हणायचे की त्या भाषेत मान द्यायची रीत वेगळी, अनेकवचन म्हणजे फक्त पुष्कळ. तो मान हलवायचा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा लोस. घरात ज्याच्यासमोर मान वर करून बघायचं नाही, त्याला एकवचनात आणायची त्याची छाती होत नव्हती. मला हसू यायला हवं होतं. मला तेव्हा काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं.

संक्रांतीनंतर, गाळप ऐन भरात असताना, क्युबाचे एक साखरतज्ज्ञ आपल्याकडचे कारखाने बघत फिरत होते, ते आमच्याकडे आले. सोबतचा दुभाषी पोट बिघडून गेस्ट हाऊसवर आडवा झालेला. चेअरमनसाहेबांना उलट आनंदच झाला. पुतण्याला पुढे केलं. "तू बोल," म्हणाले. आणि मला हळूच, "तू मागं मागं ऱ्हा. अडला की सांग."

मी मागे मागे राहिले. उसाच्या मोळ्या यंत्रात पडतात तिथे पाहुण्यांनी एक ऊस उचलून "ला कान्या!" म्हटलं, पुतण्या "सी, सी" म्हणाला. मग त्यानं काकांची ओळख करून दिली, लोस प्रेसिदेंतेस. पाहुण्यांनी काकांच्या मागे बघितलं, आणखी कोण कोण आहे म्हणून. त्यापुढे गाडी अडली ती अडलीच. पाहुणे काहीतरी विचारायचे, पुतण्या मागे वळायचा, मी हळूच सांगायचे, तो अर्धंमुर्धं बोलायचा. शेवटी लॅबमध्ये आलो तेव्हा पाहुण्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. रसाबद्दल, मळीबद्दल सरळ मला विचारू लागले. माझं स्पॅनिश काही अस्खलित नव्हतं, पण जे होतं ते माझं होतं. त्यांचे उच्चार सिस्टरपेक्षा निराळे होते, आथूकारचं ते आसूकार म्हणायचे. तरी आम्हाला एकमेकांचं कळत होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बोट करून चेअरमनसाहेबांना विचारलं, "ई एया, पोर के नो व्येने?"

लॅबमध्ये संचालक होते, इंजिनिअर होते, केमिस्ट होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चेअरमनसाहेब हसत म्हणाले, "काय म्हनत्यात पाव्हनं?"

"विचारतायत," मी मोठ्यानं म्हणाले, "की ही का येत नाही क्युबाला?"

त्यांचं हसू तसंच राहिलं. "सांग त्यास्नी, घरची अडचन हाय."

तेच ते. मांडवात मला न विचारता बोलले होते, आता माझ्याच तोंडून, परक्या भाषेत बोलवून घ्यायचं होतं. मी दोन्ही हात टेबलावर टेकवले. मी पाहुण्यांकडे वळले आणि म्हणाले, "एल सेन्योर नो क्येरे."

पाहुण्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"काय सांगितलंस?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"साहेबांना नको आहे, असं सांगितलं," मी म्हणाले. "माझ्या घरी काही अडचण नाही."

यंत्रांचा आवाज येत राहिला. चेअरमनसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "चला, नाश्ता करू," आणि सगळे गेले.

दुसऱ्या दिवसापासून मला लॅबमधून काढून काट्यावर बसवलं, उसाच्या गाड्यांची वजनं घ्यायला. मला वाटलं, एवढ्यावरच भागलं. पण मी साखरेच्या पट्ट्यात वाढलेली असून मला आधी सुचायला हवं ते सुचलं नाही. आमच्याकडे सभासदाला शिक्षा करायची तर त्याला काही बोलत नाहीत. त्याच्या शेतात ऊस तोडणाऱ्यांची टोळी पाठवत नाहीत, बस्स. तोडणीची पाळी आली तरी कारखान्याची चिठ्ठी येत नाही. ऊस उभ्या उभ्या वाळतो, हलका होतो, आणि सभासदाला तो दुसऱ्या कारखान्याला देता येत नाही.

आमच्या आजूबाजूची सगळी शेतं मोकळी झाली. आमचा ऊस उभा. त्याला तुरे आले, म्हणजे आतली साखर उतरायला लागली. विहिरीनं तळ दाखवला होता, पुढे जो दुष्काळ पडला त्याची ती सुरुवात होती. मी दिवसभर काट्यावर बसून लोकांच्या गाड्या मोजायचे आणि घरी येताना आमचे तुरे बघायचे. नाना रोज बांधावर जाऊन उभे राहायचे. मला एका शब्दानं काही विचारलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक दिवस घरी येते तर शेतात टोळी. कोयते चाललेले, बैलगाड्या उभ्या. मला आनंद झाला. खरंच झाला. मला वाटलं, एवढ्या दिवसांनी का होईना, कुणाला तरी लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब काट्यापाशी थांबले. "वडील समजूतदार हायेत तुझे," म्हणाले. "मिटलं समदं. सोमवारपासून लॅबमधी जा."

मी घरी गेले. नाना जेवायला बसले होते.

"नाना, तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात?"

"व्हय."

"काय म्हणालात?"

"म्हनलं, पोर चुकली. लहान हाय."

"मी चुकले नव्हते."

"म्हाईत हाय मला," नाना म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ऊस उभा हुता."

सोमवारी मी लॅबमध्ये गेले. पुतण्या क्युबाला गेला, आला, पुढे कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर चढला. येताना माझ्यासाठी शंखांची माळ घेऊन आला होता, ती मी घेतली नाही. त्याच्यावरचा राग कधीच विरला. चेअरमनसाहेबांवरचा अजून आहे, पण त्याला आता धार नाही. त्यांनी जे केलं ते करणाराच तो माणूस होता.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. मला लोक सांगतात की आता सोड, त्या काळी त्यांनी दुसरं काय करायचं होतं. मला ते समजतं. चार एकर ऊस म्हणजे काय हे मला कुणी समजावायला नको, त्याच उसावर मी शिकले. पण समजलं की राग जातो, हे मला कुणीच नीट सांगितलेलं नाही. त्या सगळ्या वर्षांत, त्या सगळ्या माणसांत, मी चुकले नव्हते हे तोंडावर मान्य करणारा मला एकच माणूस भेटला, आणि माझ्या नावानं चूक कबूल करून आला तोही तोच.